परब सरांचं कोरं मशीन

सोमवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या बाकीची माणसं चहा घेतात, परब सर लॅपटॉप पुसायचे. फडक्याने नव्हे, आतून. आठवडाभरात त्यावर जे काही चढलं असेल ते सगळं उडवायचं, मशीन पहिल्यापासून नव्याने उभं करायचं, आणि मग नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकराकडे बघावं तसं त्या रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसायचं. मधेच कोणी काही मागायला गेलं की हात वर करून म्हणायचे, "थांब गो, आंघोळ चालू आहे."

नवीन लागलेल्या प्रत्येकाला वाटायचं, सरांच्या लॅपटॉपला दर आठवड्याला व्हायरस लागतो. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांना कोणी सांगत का नाही, नको त्या साइटवर जाऊ नका म्हणून?"

सरांचं म्हणणं असं की जगातली सगळ्यात मोठी थाप कुठली, तर 'माझ्या मशीनवर चालतं'. तुझ्या मशीनवर चालणारच. त्याला तुझ्या सगळ्या सवयी ठाऊक आहेत. ज्या मशीनला काहीच ठाऊक नाही त्यावर चाललं, तर चाललं म्हणावं. अशा मशीनला ते 'कोरं मशीन' म्हणायचे, आणि कोऱ्या मशीनवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्यापैकी कोणावरच नव्हता.

आमचं ऑफिस मुलुंड पश्चिमेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात. खाली पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना, वर आम्ही. मालक केतनभाई. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण माणसातलं कळतं. आम्ही आवाजाच्या लाटांचं गणित करणारा कोड लिहितो. असा तयार कोड एका जागी ठेवला, की त्याला लायब्ररी म्हणतात. दुसऱ्या कंपन्या ती घेतात आणि आपल्या यंत्रांत वापरतात.

आता कोड नुसता लिहून भागत नाही. तो मशीनला चालवता येईल असा करून घ्यावा लागतो, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. कुठली फाइल कुठे आहे, आधी काय घ्यायचं, नंतर काय, हे सगळं सांगून ठेवणारी मांडणी म्हणजे बिल्ड सिस्टिम. लग्नात आचारी स्वयंपाक करतो, पण शेगड्या कुठे मांडायच्या, नारळ कुठून यायचे, हे बघणारा माणूस निराळा असतो. तो नसला की आचारी झारा धरून उभा. परब सर आमच्याकडे ते बघणारे.

ते आले तेव्हा त्यांच्या आधीचा गावंड नोकरी सोडून कॅनडाला गेला होता. गेला होता म्हणजे देहाने. बिल्डमध्ये तो पुरून उरला होता. त्याने सगळ्या फाइलींचे पत्ते स्वतःच्या डेस्कटॉपचे घातले होते. त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर 'गावंड' नावाचं फोल्डर करायचं, त्यात 'डेस्कटॉप', त्यात 'नवीन', त्यात 'नवीन खरं', की मग बिल्ड चालायचा. आम्हाला यात काही गैर वाटत नव्हतं. नवीन माणूस आला की आधी त्याला पाण्याची बाटली कुठे भरायची ते दाखवायचो आणि मग गावंड करायला शिकवायचो.

सरांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हा गावंड कुठे असतो?"

"कॅनडात."

"मग हो हंय कित्याक?"

म्हणजे, मग हा इथे कशाला? सर वैतागले की मालवणीत शिरायचे. त्या आठवड्यात ते बरेचदा शिरले. पण आठवडा संपायच्या आत गावंड सगळ्या मशीनवरून गेला, आणि कोणाच्याही घराचा पत्ता न विचारता बिल्ड चालायला लागला. केतनभाईंनी खुश होऊन खमण मागवलं. सर खमण खाताना म्हणाले, "बिचारा हुशार होता. फक्त आपण कधी जाणार नाही असं त्याला वाटलं."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

आमची लायब्ररी टेम्प्लेटची. म्हणजे कोड अमुक आकड्यांसाठी असा लिहिलेला नसतो, नुसतं शिंप्याचं कागदी कटिंग असतं. वापरणारा आपलं माप सांगतो आणि त्या मापाचा खरा कोड तेव्हा तयार होतो. हे मला सरांनीच समजावलं. त्यांचे वडील गिरणीत होते आणि आई घरी ब्लाउज शिवायची. "आईकडे वर्तमानपत्राची कटिंगं खिळ्याला लावलेली असायची," ते म्हणाले. "कटिंग अंगात घालता येत नाही. पण ते चुकलं, की येणाऱ्या प्रत्येक बाईचा ब्लाउज चुकला."

अशा कोडची भानगड ही, की कोणी माप सांगेपर्यंत चूक कळतच नाही. आणि कळली की एक कळत नाही. साधा एक शब्द चुकला तरी मशीन पडदे भरभरून लाल अक्षरं ओकत सुटतं. मी नवीन होते तेव्हा ते बघून मला रडू यायचं. सर शांतपणे स्क्रीन पार वरपर्यंत सरकवायचे आणि बोट ठेवायचे. "ही पहिली. हीच खरी. बाकीच्या तिच्या पाहुण्या. यजमानीण गेली की त्या आपोआप जातात." आणि खरंच जायच्या.

गावंडने हे टेम्प्लेट अर्धं एका फाइलीत, अर्धं दुसऱ्या फाइलीत ठेवलं होतं. त्यामुळे कोणी नवं माप मागितलं की बिल्ड शेवटच्या पायरीवर येऊन अडायचा: नाव आहे, माणूस नाही. सरांनी सगळं एकत्र आणलं आणि मांडणीच बदलली. आता लायब्ररी स्वतः काही बनवत नव्हती. जो येईल त्याला फक्त सांगत होती, की मी इथे आहे आणि मला अमुक अमुक लागतं.

केतनभाईंना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "काही बनतच नाय? तो फिर परबभाई, आपण विकतो काय?"

"कटिंग."

"कागद?"

"कागद नाही, बेत. शिवणार ते. मापं त्यांची, कापड त्यांचं."

केतनभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते बसले. पण त्या दिवसापासून कोणी गिऱ्हाईक आलं की ते आधीच सांगून टाकायचे, "देखो, माल में कुछ है नहीं, पण एकदम टॉप क्वालिटी."

सर आणखी एका गोष्टीत हट्टी होते. काही बिघडलं तर बिल्डने काय बोलावं, ते वाक्य ते स्वतः लिहायचे आणि दिवसभर त्यावर विचार करायचे. "अडलेल्या माणसाला काय झालं ते सांगायचं आणि पुढे कुठे जायचं ते सांगायचं. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नुसतं 'नाही' म्हणणारा माणूस काय कामाचा?"

आणि मग त्यांचं ते रविवारचं जेवण. सर भांडुपला राहायचे, लग्न केलेलं नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी ऑफिसातल्या एकाला जेवायला बोलवायचे. एकालाच. आणि जो जाऊन येई तो सोमवारी हेच सांगे: बांगडा झकास, सोलकढी झकास, पण सर आपल्याला बसवून जे 'दही आणतो' म्हणून जातात ते तासभर येत नाहीत. आणि येतात ते दही न घेताच.

माझी पाळी आली तेव्हा मला ठाऊक होतं, घरी त्यांचे मोठे भाऊ असतात. मोहनदादा. साठी ओलांडलेले, केस पांढरे, दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट. मनाने मात्र सात-आठ वर्षांचे राहिलेले. त्यांनी दारातच माझ्या पायांकडे बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "सुहास, निळी चप्पल आली!"

सरांनी मला बसवलं, पंखा लावला आणि दही आणायला गेले.

आम्ही कॅरम खेळलो. दादा फक्त पांढऱ्या सोंगट्या मारायचे. काळी गेली तर ती परत मधे ठेवायचे आणि म्हणायचे, "ती चुकून गेली." पाणी हवं म्हणाले, दिलं. मग एकदम उठून म्हणाले, सुहास कुठाय? मी म्हटलं, दही आणायला गेलेत. ते म्हणाले, "जिन्यात बसलाय." मी दार उघडून खाली वाकून बघितलं. एक मजला खाली, पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून परब सर बसले होते.

त्यांनी वर बघितलं. पकडले गेल्याची लाज नव्हती त्यांच्या तोंडावर. परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारलं, "घाबरला काय?"

"नाही. कॅरम खेळतोय आम्ही."

"आणि तू?"

"मी कशाला घाबरू?"

"झालं तर मग," म्हणत ते उठले. जेवताना कधी नव्हे ते दोन वेळा हसले. जिन्याचं कारण न सांगताच मला कळलं. आपण नसताना, कोऱ्या माणसाबरोबर दादाचं चालतं का, ते बघत होते ते. एकेकाला आणून, एकेका रविवारी.

पुढे त्या वर्षीच अंधेरीच्या एका कंपनीने आमची लायब्ररी घ्यायचं मनावर घेतलं. त्यांची कानाची तपासणी करणारी यंत्रं होती. अट एकच: त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या मशीनवर, त्यांच्या इंजिनिअरने बिल्ड करून बघायचा. जमला तर काम आमचं. नाही जमला तर, केतनभाई आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाले, "तर हा गाळा बंद. मी खोटं नाय बोलणार." खालचा कारखाना डबे ठोकतच होता.

सरांनी त्यानंतरचे आठवडे प्रत्येक मापाचा एकेक नमुना शिवून बघण्यात घालवले. लॅपटॉपची आंघोळ रोज व्हायला लागली. ठरलेल्या दिवशी सर, मी आणि केतनभाई असे तिघे जाणार होतो.

त्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते तेव्हा सरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. हर्नियात आतडं अडकलं होतं. लगेच ऑपरेशन. समोरच्या पेडणेकर काकू त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन आल्या होत्या. एरवी दिवसा दादांकडे बघायच्या त्याच.

"दादा घरी एकटा आहे," सर म्हणाले. "मी सांगून आलोय, शिल्पा येईल, तिलाच दार उघड. जाशील?"

"निघालेच. पण सर, अंधेरीचं काय? केतनभाईंना पुढे ढकलायला सांगू?"

"कित्याक? ते जाऊ दे ना एकटे."

"केतनभाई? सर, त्यांना माऊस उलटा दिला तरी कळणार नाही!"

"म्हणूनच. तिकडच्या इंजिनिअर पोरीला कोणाला काही विचारावं लागलं, तर माझं काम चुकलं." मग दम खाल्ला. "बिल्डला माझी गरज नाही. दादाला आहे का, ते आज कळेल."

फोन कोणीतरी त्यांच्या हातातून घेतला.

मी भांडुपला पोचले, जिने चढले, बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"मी शिल्पा, दादा."

"शिल्पा कोण?"

"शिल्पा! सरांच्या ऑफिसातली. आपण कॅरम खेळलो होतो."

दादा दाराखालच्या फटीतून बघत असावेत, कारण आवाज खालून आला. "तपकिरी आहे. तपकिरी नाही माझ्या ओळखीची."

मी पायांकडे बघितलं. अंधेरीला जायचं म्हणून नवे तपकिरी सँडल घातले होते. सरांनी सगळं सगळं तपासलं होतं, पण दादांच्या लेखी शिल्पा नावाचं जगात कोणी नव्हतंच. नाव होतं, माणूस नव्हतं.

मी विनवलं, गाणं म्हटलं, काळी सोंगटी परत ठेवण्याची आठवण करून दिली. उपयोग शून्य. वर आता आतून दादा घाबऱ्या आवाजात "सुहास, सुहास" करायला लागले. मग मला सुचलं. वरच्या मजल्यावर एका बंद दाराबाहेर चपलांचा रॅक होता. त्यात पुरुषाच्या मापाच्या भल्यामोठ्या निळ्या स्लिपरचा जोड होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी चप्पल चोरली. दोन्ही पाय त्यात घातले, होडीतून यावं तशी खाली आले, आणि फटीसमोर उभी राहिले.

कडी निघाली.

"एवढा उशीर?" दादा म्हणाले. "कॅरम मांडलाय कधीचा."

मी चौकटीला धरून स्लिपर फरफटत आत गेले.

दुपारी काकूंचा फोन आला, ऑपरेशन नीट झालंय, शुद्धीवर येतायत. मी दादांना सांगितलं, सुहास बरा आहे, झोपलाय. ते म्हणाले, "दुपारी झोपतात का?" आणि पांढरी सोंगटी मारली.

तेवढ्यात केतनभाईंचा व्हिडिओ कॉल. त्यांनी कॅमेरा स्वतःच्या नाकाकडे धरला होता आणि कुजबुजत होते. "शिल्पा, वाट लागली. लाल आलं."

"किती लाल?"

"एक लाइन."

"एकच? काय लिहिलंय?"

"इंग्लिशमधी आहे. ती मॅडम वाचते." मागून एका मुलीचा आवाज आला. ती वाचत होती: तुमच्या मशीनवरचा कंपायलर, म्हणजे कोडचा बिल्ड करणारा प्रोग्राम, जुना आहे, या लायब्ररीला याच्या पुढचा लागतो, नवा अमुक ठिकाणी मिळेल, टाकल्यावर हीच आज्ञा पुन्हा द्या, बाकी काही बदलू नका.

"आता मी काय करू?" केतनभाई.

"काही करू नका. चहा घ्या."

"ती काय विचारत नाय मला."

"तेच हवंय."

फोन मी कॅरमच्या बाजूला उभा करून ठेवला. पलीकडे ती मुलगी टाइप करत होती, अलीकडे दादा नेम धरत होते, आणि मला दोन्हीकडे बघवत नव्हतं. बऱ्याच वेळाने केतनभाईंचा चेहरा पूर्ण दिसला. म्हणजे त्यांनी फोन लांब धरला होता, म्हणजे ते उभे राहिले होते. "हिरवं!" ते ओरडले. "सगळं हिरवं! ती विचारते, हे ज्यांनी लिवलं ते कोण आहेत, एवढं सरळ कोणी सांगत नाय म्हणते!" आणि मोठ्यांदा हसायला लागले. त्यांचं हसणं बघून दादाही हसायला लागले. मग मीही. इतके दिवस छातीवर ठेवलेलं जातं कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

जरा वेळाने काकू आल्या, येताना बांगडा घेऊनच. त्यांनी तळला, आम्ही जेवलो. दादांनी मागून भात घेतला. मी गुपचूप जाऊन स्लिपर जागेवर ठेवून आले आणि ऊन उतरायच्या आत हॉस्पिटलात पोचले.

परब सर पांढऱ्या चादरीत फार लहान दिसत होते. मी आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं, "सर, झाला. त्यांच्या मशीनवर, पूर्ण कोऱ्यावर. कोणालाही काही विचारावं लागलं नाही."

"होणारच होता," ते म्हणाले. "दादा?"

"मस्त आहेत. आता काकूंबरोबर टीव्ही बघतायत."

"दार उघडलं?"

"उघडलं. थोडा घोळ झाला, सांगते नंतर."

"जेवला?"

"दोन वेळा भात घेतला."

"रडला?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. सगळा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले, पण कपाळावरच्या त्या आठ्या कायमच्या नाहीत हे मला तेव्हा कळलं. "सुटलो," ते म्हणाले. "सुटलो गो बाय."

मी खुर्ची ओढून बसले. सलाइनचे थेंब पडत होते. मला वाटलं झोपले. पण जरा वेळाने त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि तिकडेच बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझं काही विचारत नव्हता ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मुख्य गोष्ट सांगायलाच विसरले होते.

"सर, तुमचं ताट वाढायला लावलं त्यांनी काकूंना. मोठा बांगडा तुमच्यासाठी काढून ठेवला. वर दुसरं ताट झाकलंय आणि शेजारीच खुर्ची टाकून टीव्ही बघतायत. काकू म्हणाल्या, फ्रीजमध्ये ठेवते. तर नाही. टेबलावरून हलवू देत नाहीत, सुहासला दिसणार नाही म्हणे."

सर हसले, आणि लगेच कळवळून पोट धरलं. "हसवू नको, टाके आहेत." पण डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. ते पुसायला त्यांचा एक हात सुईत अडकलेला आणि दुसरा पोटावर. मीच चादरीचं टोक पुढे केलं.

"उद्यापर्यंत तुम्हाला काही खायला देणार नाहीत," मी म्हटलं. "मासा खराब होईल. मी जाऊन समजावू का त्यांना?"

"नको."

"वास मारेल सर घरभर."

"मारू दे," परब सर म्हणाले. "राहू दे तिथेच."